पेशींची पकड आणि तिचे विकार

शरीर हे असंख्य पेशींचे बनलेले आहे, हे वाक्य आपण शिक्षक मंडळी वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो आहोत. ते मुलांना पटावे म्हणून भिंतीचा आणि विटांचा दृष्टांतही ठरलेला आहे. दृष्टांत सोपा आहे, चटकन ध्यानात येतो. परंतु त्यात एक गोष्ट गाळलेली असते. नुसत्या विटा एकावर एक रचल्या तर त्यांची रास होते, भिंत होत नाही. भिंतीला चुना लागतो, गारा लागतो. मग पेशी आणि पेशी ह्यांच्यामध्ये काय असते? यकृताची पेशी यकृतातच का राहते? त्वचेची पेशी रक्तात उतरून भलत्याच ठिकाणी का जात नाही? एखाद्या चौकस मुलाने वर्गात हा प्रश्न विचारला तर पाठ्यपुस्तक त्याच्या मदतीला येत नाही.

प्रश्न बालबोध वाटला तरी त्याच्या उत्तरासाठी विसाव्या शतकातील जीवशास्त्रज्ञांना सत्तर-ऐंशी वर्षे खपावे लागले. आणि जे उत्तर मिळाले त्याचे धागे वैद्यकातील दोन अत्यंत कठीण प्रकरणांपर्यंत जाऊन पोहोचले. एक कर्करोगाचे आणि दुसरे मेंदूच्या विकारांचे. वाङ्मयाला वाहिलेल्या ह्या नियतकालिकात आम्ही असा विषय का काढला, अशी शंका कोणी घेईल. ह्या दोन्ही व्याधी आपल्या घरांत आणि शाळांत वावरत असतात. त्यांची कारणे सांगताना मात्र सुशिक्षित माणसेही कधी पूर्वकर्माकडे, कधी आईच्या हयगयीकडे बोट दाखवतात. ज्या भाषेत ही बोलणी चालतात, त्याच भाषेत खरी हकिकतही सांगितली गेली पाहिजे असे आम्हांस वाटते.

प्रथम शब्दाचा विचार करू. पेशींच्या पृष्ठभागावरील ज्या प्रथिनांमुळे एक पेशी दुसरीला धरून राहते त्यांना मराठीत काय म्हणावे? 'चिकटणे' हे क्रियापद सहज सुचते. पण डिंक कागदालाही चिकटतो, बोटालाही चिकटतो आणि धुळीलाही. त्याला आपपर भाव नाही. पेशींची पकड तशी नसते. गर्दीत लहान मूल आपल्या आईलाच जाऊन बिलगते, शेजारच्या बाईला बिलगत नाही. पेशींचे वर्तन त्या जातीचे आहे. आधी ओळख आणि मग पकड. 'बिलगणे' हा शब्द आम्हांस मनापासून आवडतो, परंतु त्यापासून शास्त्रीय संज्ञा घडवणे अवघड आहे. म्हणून ह्या लेखापुरता आम्ही 'पेशीबंधक रेणू' असा शब्द योजतो. वाचकांनी त्यातील 'बंधक' ह्या पदात ओळखीचाही अर्थ अंतर्भूत आहे असे समजावे.

ही ओळख असते, ह्याचा पहिला ठसठशीत पुरावा मिळाला तो स्पंज ह्या अगदी साध्या समुद्रजीवापासून. १९०७ साली हेन्री व्हॅन पीटर्स विल्सन ह्या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने जिवंत स्पंजाचे तुकडे पीठ चाळण्याच्या तलम रेशमी कापडात बांधले आणि पाण्यात पिळले. आपल्याकडे वैद्य चूर्ण वस्त्रगाळ करतात, तसा त्याने प्राणीच वस्त्रगाळ केला म्हणा ना! कापडातून सुट्या सुट्या पेशी खाली आल्या. त्या मरून जातील ही अपेक्षा. पण घडले ते निराळेच. तळाशी बसलेल्या पेशी सरकत सरकत एकमेकींजवळ आल्या, त्यांचे पुंजके झाले आणि त्या पुंजक्यांतून पुन्हा स्पंज तयार झाले. पुढे दोन भिन्न जातींच्या, भिन्न रंगांच्या स्पंजांच्या पेशी एकत्र कालवून पाहण्यात आल्या. त्या काही काळ मिसळलेल्या दिसल्या आणि मग आपापल्या जातीच्या पेशींशी जुळून वेगवेगळ्या झाल्या. ज्यांना डोळे नाहीत, मेंदू नाही, अशा पेशी आपले कोण आणि परके कोण हे जाणतात. हा प्रयोग वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे एका निराळ्याच संदर्भात त्याची गाठ पडणार आहे.

१९५५ साली टाउन्स व होल्टफ्रेटर ह्यांनी बेडकादी उभयचरांच्या गर्भांतील पेशी अशाच सुट्या करून मिसळल्या. त्वचेच्या होणाऱ्या पेशी बाहेरच्या बाजूस आल्या आणि मज्जासंस्थेच्या होणाऱ्या पेशी आत गेल्या. म्हणजे अवयवांची मांडणीसुद्धा ह्या निवडीवर अवलंबून असते. परंतु निवड करणारा पदार्थ कोणता, हे काही केल्या हाती लागत नव्हते.

तो हाती लागण्याची कथा मोठी मनोरंजक आहे. ताकेइची मासातोशी हे जपानी शास्त्रज्ञ क्योतो विद्यापीठात काम करीत. पेशी एकमेकींपासून सोडवण्यासाठी ट्रिप्सिन नावाचे पाचकद्रव्य वापरायचे आणि सोडवलेल्या पेशी पुन्हा कशा जुळतात ते पाहायचे, अशी त्यांची पद्धत. क्योतोत सोडवलेल्या पेशी थोड्या वेळात पुन्हा जुळत. पुढे ते अमेरिकेत बाल्टिमोर येथील कार्नेगी संस्थेत गेले. तोच प्रयोग, त्याच हातांनी केलेला. पण तेथे पेशी जुळेनात! दुसऱ्या एखाद्याने अशा वेळी काचसामानाला दोष देऊन प्रयोग गुंडाळला असता. ताकेइचींनी मात्र दोन प्रयोगशाळांतील द्रावणे ताडून पाहिली. बाल्टिमोरच्या ट्रिप्सिनमध्ये कॅल्शियम काढून घेणारे एक द्रव्य मिसळलेले असे. क्योतोच्या द्रावणात ते नव्हते. कॅल्शियम असताना पेशींच्या अंगावरचे एक प्रथिन ट्रिप्सिनच्या तडाख्यातून वाचत होते, आणि कॅल्शियम काढून घेतले की त्याचा फडशा पडत होता. पेशींना जोडणारा दुवा तो हाच, असे त्यांनी १९७७ साली मांडले. १९८४ साली त्या प्रथिनाला कॅढेरिन हे नाव मिळाले. पुढे त्याचे जनुक हाती आले, तेव्हा ते जनुक एकमेकींना फारशा न धरणाऱ्या पेशींत घालून पाहण्यात आले. त्या पेशी एकमेकींना धरू लागल्या. काही पेशींना एक प्रकारचे कॅढेरिन दिले, काहींना दुसऱ्या प्रकारचे, आणि सर्व पेशी एकत्र केल्या, तर १९८८ साली परीक्षानळीत विल्सनच्या स्पंजांचीच पुनरावृत्ती झाली: एका प्रकारच्या एकीकडे, दुसऱ्या प्रकारच्या दुसरीकडे. ओळखीचे चिन्ह आणि पकडीचे साधन एकच होते.

कॅढेरिनची रचना ध्यानात घेतली तर पुढील सर्व विवेचन सोपे होईल. हा रेणू पेशीच्या पटलातून आरपार गेलेला असतो. त्याचे एक टोक बाहेर असते आणि ते शेजारच्या पेशीवरील तशाच रेणूच्या टोकाशी गुंतते. त्या टोकाला ताठपणा येतो तो कॅल्शियममुळे. दुसरे टोक पेशीच्या आत कॅटेनिन नावाच्या प्रथिनांच्या द्वारे पेशीच्या अंतर्गत सांगाड्याला बांधलेले असते. हस्तांदोलन करताना केवळ पंजे जुळत नाहीत, दंड आणि खांदाही त्यात गुंततो, तद्वत. ह्या कॅटेनिनांपैकी एक, बीटा-कॅटेनिन, दुहेरी नोकरी करते. पटलाजवळ असताना ते सांधा सांभाळते. पेशीकेंद्रात गेले म्हणजे जनुकांना चालना देते. म्हणून हे रेणू म्हणजे केवळ गारा नव्हे. पेशीने कोणाला धरले आहे ह्याची वार्ता त्यांच्याच द्वारे आत पोहोचते आणि वाढावे की थांबावे हे त्या वार्तेवरून ठरते.

कॅढेरिनखेरीज इतरही कुळे आहेत. इंटेग्रिन पेशीला तिच्या भोवतालच्या तंतुमय जाळ्याशी बांधतात. सिलेक्टिन रक्तातील पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीवर जरा अडखळत घरंगळू देतात. आणि प्रतिपिंडांशी रचनासाम्य असलेले एक मोठे कूळ मज्जासंस्थेत विशेष दिसते. ह्या शेवटच्या कुळातील पहिला महत्त्वाचा रेणू जेराल्ड एडेलमन ह्यांनी १९७० नंतरच्या दशकात शोधला. प्रतिपिंडांच्या रचनेबद्दल १९७२ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते हेच.

आता कर्करोगाकडे वळू. कर्करोगाने होणारे बहुतेक मृत्यू मूळ गाठीमुळे होत नाहीत. त्या गाठीतून निसटलेल्या पेशी यकृत, फुप्फुसे, हाडे, मेंदू अशा ठिकाणी जाऊन ठाण मांडतात, त्यामुळे होतात. निसटायचे तर आधी शेजाऱ्याचा हात सोडला पाहिजे. तेव्हा कॅढेरिनची पकड सुटणे हेच ह्या फैलावाचे मूळ असावे, असा तर्क स्वाभाविक होता. त्याला सर्वांत सबळ आधार मिळाला तो न्यूझीलंडमध्ये.

तेथील एका माओरी कुटुंबात पिढ्यान् पिढ्या जठराच्या कर्करोगाने माणसे मरत होती, आणि तीही वृद्धपणी नव्हे, तर पुष्कळदा ऐन उमेदीच्या वयात. १९६४ साली त्या देशाच्या वैद्यकीय नियतकालिकात ह्याची नोंद झाली होती, पण नोंदीपलीकडे काही घडले नाही. अखेर त्या कुटुंबातील मंडळींनीच पुढाकार घेतला आणि ओटॅगो विद्यापीठातील शास्त्रज्ञांकडे जाऊन ह्याचे कारण शोधा असा आग्रह धरला. नातेवाइकांची माहिती त्यांनी गोळा केली, रक्ताचे नमुने मिळवून दिले. १९९८ साली पॅरी गिलफर्ड आणि त्यांचे सहकारी ह्यांनी, त्या कुटुंबातील सहकाऱ्यांसह, निष्कर्ष प्रसिद्ध केला: दोष ई-कॅढेरिनच्या जनुकात होता. प्रत्येक मनुष्याला ह्या जनुकाच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. ह्या कुटुंबातील रुग्णांची एक प्रत जन्मतःच निकामी असे. पुढे जठराच्या अस्तरातील एखाद्या पेशीत दुसरीही प्रत बिघडली म्हणजे त्या पेशीची पकड सुटे आणि ती ओळीतून निसटून अस्तराखाली उतरे. वरून अस्तर निरोगी दिसते आणि खाली पेशी विखुरलेल्या असतात, म्हणून दुर्बिणीने तपासूनही हा रोग पुष्कळदा सापडत नाही. त्यामुळे ज्यांच्यात दोषयुक्त प्रत आढळते अशांना, प्रकृती ठणठणीत असतानाच, संपूर्ण जठर काढून टाकण्याचा सल्ला दिला जातो. अन्ननलिका थेट आतड्याला जोडतात. माणूस थोडे थोडे खाऊन जगतो, कामधंदा करतो. निरोगी माणसाने आपले जठर काढून घ्यावे हा निर्णय किती जड असेल ह्याची कल्पना करावी. ज्या मुलांना दोषयुक्त प्रत मिळालेली नाही असे तपासणीत ठरते, त्यांच्या डोक्यावरचे सावट मात्र कायमचे दूर होते. ह्याच दोषामुळे स्त्रियांत स्तनाच्या एका विशिष्ट कर्करोगाचाही धोका वाढतो. त्यात पेशी गोळा होऊन टणक गाठ होण्याऐवजी एकीमागे एक अशा रांगेने ऊतींतून पसरतात. म्हणून तो हाताला लवकर लागत नाही आणि क्ष-किरणचित्रातही कधी कधी चुकतो.

येथवर वाचून कोणी म्हणेल, मग प्रश्न सुटला: कर्करोग म्हणजे पकड सुटणे, तेव्हा पकड घट्ट करणारे औषध शोधा म्हणजे झाले. पुष्कळ वर्षे शास्त्रज्ञांचाही कल थोडाबहुत असाच होता. परंतु निसर्ग इतका सरळमार्गी नाही. स्तनाच्या कर्करोगाचा जो सर्वसामान्य प्रकार, त्यात फैलावलेल्या पेशींवरही ई-कॅढेरिन बहुधा शाबूत असते. ही गोष्ट बराच काळ अपवादासारखी बाजूला ठेवली जाई. २०१९ साली जॉन्स हॉपकिन्स येथील अ‍ॅण्ड्र्यू यूवाल्ड ह्यांच्या गटाने उंदरांतील कर्करोगपेशींमधून ई-कॅढेरिन मुद्दाम काढून टाकले. अपेक्षेप्रमाणे पेशी आसपासच्या भागात अधिक घुसल्या. पण वाटेतच मोठ्या संख्येने मेल्या आणि दूरच्या अवयवांत ठाणी कमी झाली! हात सोडून एकटी निघालेली पेशी परमुलखात टिकेनाशी होते. त्याआधी २०१४ साली बॉस्टन येथील संशोधकांनी दाखवले होते की, कर्करोगाच्या पेशी रक्तातून एकएकट्या जातात तशा लहान लहान घोळक्यांनीही जातात. असे घोळके फार थोडे असतात. पण उंदरांवरील प्रयोगांत नवी ठाणी वसवण्याची त्यांची शक्ती एकट्या पेशींच्या २३ ते ५० पट भरली. आपल्याकडचे जुने यात्रेकरू वाटमारीच्या भयाने जथा करून निघत, त्यातलाच हा प्रकार; फरक एवढाच की येथे जथाच वाटमाऱ्यांचा आहे.

म्हणजे एकाच रोगात, एका टप्प्यावर पकड सुटणे घातक आणि दुसऱ्या टप्प्यावर पकड टिकणे घातक. ह्या दुसऱ्या टप्प्यावर घाव घालण्याचा एक प्रयत्न उल्लेखनीय आहे. फॉक्सग्लोव्ह जातीच्या वनस्पतीपासून मिळणारे डिजॉक्सिन हे हृदयविकारावरील जुने औषध. त्याने पेशीतील कॅल्शियमचे प्रमाण बदलते आणि घोळक्यांचे सांधे ढिले पडतात, असे प्रयोगशाळेत दिसून आले. २०२५ च्या आरंभी स्वित्झर्लंडमधील शास्त्रज्ञांनी स्तनाचा कर्करोग फैलावलेल्या ९ स्त्रियांवरील चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध केला: औषधानंतर घोळक्यांचा आकार सरासरी सुमारे २ पेशींनी घटला. हा उपचार नव्हे, कोणाचे आयुष्य ह्याने वाढले असेही नव्हे. केवळ एक कल्पना माणसाच्या रक्तात खरी ठरते की नाही हे पाहणे होते. वर्तमानपत्रे अशा बातम्यांना 'कर्करोगावर रामबाण' असे मथळे देतात, म्हणून हा खुलासा.

मेंदूत हीच पकड अधिक नाजूक काम करते. तेथे चेतापेशींना नुसते शेजारी राहायचे नसते, तर लांबवर तंतू पाठवून नेमक्या पेशीशी संधान बांधायचे असते. वाटेत हजारो पेशी भेटतात. त्यांतील कोणाला धरायचे, कोणाला टाळायचे, कोणाच्या आधाराने पुढे सरकायचे, हे सारे पेशीबंधक रेणू ठरवतात. एल-वन नावाचा रेणू ह्या वाटचालीत आधार देतो. त्याचे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. त्यात दोष असलेल्या मुलग्यांच्या मेंदूतील पोकळ्यांत पाणी साचून डोके मोठे होते, अंगठे तळव्याकडे वळलेले राहतात, पाय ताठरतात. मेंदूकडून पाठीच्या कण्यात उतरणारे तंतू नीट पोहोचलेले नसतात. ह्या जन्मजात जलशीर्षाचे मूळ एल-वनमध्ये आहे हे १९९२ साली कळले. त्यानंतर दोनच वर्षांनी असे आढळले की, पेशींची अशी पकड मद्यार्काच्या अल्प मात्रेनेही प्रयोगशाळेत सैल पडते. गर्भवतीने मद्य घेतल्यास बालकाच्या मेंदूला इजा का होते, ह्याची अनेक कारणे आहेत. त्यांपैकी एक येथे असावे.

तंतू इष्ट स्थळी पोहोचला म्हणजे चेतासंधी तयार व्हायची असते. येथे न्यूरेक्सिन आणि न्यूरोलिजिन ही जोडी पुढे येते. न्यूरेक्सिनचा शोध लागला तो एका विषामुळे. 'ब्लॅक विडो' ह्या कोळ्याच्या विषाने चेतातंतूंच्या टोकांतून संदेशद्रव्य भसाभस बाहेर पडते. हे विष कोठे बसते ते शोधत असताना १९९२ साली थॉमस झ्यूडहोफ ह्यांच्या प्रयोगशाळेला न्यूरेक्सिन सापडले आणि तीन वर्षांनी त्याचा जोडीदार न्यूरोलिजिन. संदेश देणाऱ्या बाजूस न्यूरेक्सिन, घेणाऱ्या बाजूस न्यूरोलिजिन आणि मधल्या अतिसूक्ष्म फटीत दोघांची पकड. मज्जासंस्थेशी काही संबंध नसलेल्या पेशीला न्यूरोलिजिन दिले, तर चेतातंतू तिलाही भुलून तिच्यावर संधीची सिद्धता करू लागतो, हे २००० साली दिसून आले.

२००३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील थॉमस बुर्जरों आणि त्यांचे सहकारी ह्यांनी स्वीडनमधील दोन कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोन्ही घरांत दोन दोन भाऊ आत्ममग्नतेच्या विकाराने ग्रस्त होते. एका घरात न्यूरोलिजिन-३ च्या जनुकात दोष होता, दुसऱ्या घरात न्यूरोलिजिन-४ च्या. पुढे न्यूरेक्सिन-१ चे जनुक अंशतः गळालेले असल्यास आत्ममग्नता आणि स्किझोफ्रेनिया ह्या दोन्हींचा धोका वाढतो हे निष्पन्न झाले. ह्यावरून प्रत्येक आत्ममग्न मुलात न्यूरोलिजिनचा दोष असतो असे मात्र कोणी समजू नये. असे दोष फार थोड्या मुलांत सापडतात आणि ह्या विकाराशी संबंध असलेली जनुके शेकड्यांनी मोजावी लागतात. तरीही २००३ च्या ह्या लहानशा निबंधाचे महत्त्व आम्हांस मोठे वाटते. विसाव्या शतकाच्या मध्यावर पाश्चात्य देशांतील काही नामांकित तज्ज्ञांनी आत्ममग्नतेचा दोष आईच्या कोरडेपणावर ढकलला होता. ब्रूनो बेटलहाइम ह्यांचे ह्या मताचा पुरस्कार करणारे पुस्तक १९६७ चे. किती माता त्या मताखाली भरडल्या गेल्या असतील! मूल आईला का बिलगत नाही, ह्याचे उत्तर आईच्या हृदयात शोधण्यापूर्वी मुलाच्या चेतासंधींत शोधावयास हवे होते. आपल्याकडे तसे पुस्तक कोणी लिहिले नाही, पण 'आई नोकरीला जाते म्हणून' हे वाक्य शाळेच्या व्हरांड्यात आजही ऐकू येते.

आता विल्सनच्या स्पंजांकडे पुन्हा जाऊ. अपस्माराचा एक प्रकार असा आहे की, तो जवळजवळ केवळ मुलींनाच होतो. तान्हेपणी किंवा पहिल्या दोन-तीन वर्षांत, पुष्कळदा तापाच्या निमित्ताने, झटके सुरू होतात आणि एका दिवसात अनेक झटके अशा झुंडीने येतात. काही मुलींची बौद्धिक वाढही खुंटते. वयात आल्यावर झटके बहुधा ओसरतात. १९७१ साली ह्या प्रकाराची प्रथम नोंद झाली आणि २००८ साली त्याचे मूळ प्रोटोकॅढेरिन-१९ ह्या, कॅढेरिनच्याच कुळातील रेणूच्या जनुकात सापडले. हे जनुकही एक्स गुणसूत्रावर आहे. एक्सवरील दोषांचा सर्वसाधारण नियम आपण जाणतो: हिमोफिलियाप्रमाणे रोग मुलग्यांना होतो, मुली वाहक राहतात. येथे नियम उलटा! दोषयुक्त जनुक असलेला पिता निरोगी असतो आणि त्याच्याकडून ते घेणारी कन्या आजारी पडते. ज्याच्यापाशी चांगली प्रत मुळीच नाही तो सुरक्षित आणि जिच्यापाशी एक चांगली आहे ती रुग्ण, हे कोडे कसे सुटावे?

स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स गुणसूत्रे असतात, पण त्यांपैकी एक निद्रिस्त होते. कोणते, हे गर्भावस्थेत पेशीगणिक यदृच्छेने ठरते. म्हणून अशा मुलीच्या मेंदूत काही पेशींवर प्रोटोकॅढेरिन-१९ असते आणि काहींवर नसते. पित्याच्या मेंदूत ते कोणत्याच पेशीवर नसते. सर्व पेशी सारख्या, म्हणून तंटा नाही. मुलीच्या मेंदूत मात्र दोन जातींच्या पेशी कालवलेल्या असतात, आणि पुढे काय होते ते विल्सनने १९०७ सालीच दाखवून ठेवले आहे: त्या निवडून वेगळ्या होतात. २०१८ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी अशा उंदरांच्या मेंदूत हे विभाजन प्रत्यक्ष पाहिले. जेथे पेशी मिसळून राहावयास हव्या तेथे दोन्ही जातींचे वेगवेगळे पट्टे पडलेले होते. ज्या विरळा पुरुषांच्या शरीरात दोन्ही प्रकारच्या पेशी मिसळलेल्या असतात, त्यांना हा अपस्मार होतो, हेही ह्या उपपत्तीशी जुळते. येथे पकड सुटलेली नाही, वाढलेलीही नाही. केवळ ओळख भलतीकडे जुळली आहे. अपस्मार असलेल्या मुलीकडे आपला समाज कसा पाहतो हे सांगावयास नको. हिंदू विवाह कायद्यात विवाहाच्या अटींमध्ये अपस्माराचा जो उल्लेख होता तो १९९९ च्या दुरुस्तीने वगळला गेला, पण स्थळे पाहणाऱ्यांच्या मनातून तो अद्याप वगळला गेलेला नाही. ह्या प्रकरणात दोषयुक्त जनुक पुष्कळदा धडधाकट पित्याकडून आलेले असते, एवढे जरी लोकांस कळले तरी सुनेच्या माहेराकडे बोट दाखवणे कमी होईल.

हे रेणू पेशीच्या बाहेर असल्यामुळे औषध तेथवर सहज पोहोचते, म्हणून औषधशास्त्राने त्यांजवर मोठी भिस्त ठेवली. तिला यश आले तसे अपयशही. मल्टिपल स्क्लेरॉसिस ह्या रोगात रक्तातील पांढऱ्या पेशी मेंदूत घुसून चेतातंतूंवरील आवरण कुरतडतात. नॅटालिझुमॅब हे औषध त्या पेशींवरील एका इंटेग्रिनला झाकते, त्यामुळे त्यांना रक्तवाहिनीची भिंत धरता येत नाही. २००४ साली त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली; काही महिन्यांतच, २००५ साली, ते मागे घ्यावे लागले. मेंदूत पहारा करणाऱ्या पेशीच अडल्यामुळे काही रुग्णांत एका एरवी निद्रिस्त विषाणूने मेंदूचा घात केला होता. २००६ साली ते कडक देखरेखीच्या अटींवर परत आले आणि अनेकांस त्याचा लाभ झाला. उलट, मेंदूतील ग्लायोब्लास्टोमा ह्या गाठीसाठी इंटेग्रिनला अडवणारे सिलेंजिटाइड हे औषध पाचशेहून अधिक रुग्णांच्या चाचणीत निष्फळ ठरले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत औषध घेतलेल्यांचे आयुष्य न घेतलेल्यांपेक्षा वाढले नव्हते.

मेंदूच्या गाठींविषयीची सर्वांत विलक्षण गोष्ट त्यानंतर पुढे आली, आणि तीत ह्या लेखातील दोन्ही धागे एकत्र येतात. स्टॅनफर्ड येथील मिशेल माँजे आणि त्यांचे सहकारी ह्यांना असे आढळले की, चेतापेशी काम करू लागल्या म्हणजे शेजारची ग्लायोमाची गाठ अधिक वेगाने वाढते. विचार करणे, हालचाल करणे, ह्या मेंदूच्या नित्य व्यापारांवरच ती पोसली जाते. चेतापेशी असे कोणते द्रव्य बाहेर सोडतात, ह्याचा शोध घेता २०१५ साली जे हाती लागले ते न्यूरोलिजिन-३ होते: स्वीडनमधील त्या भावांच्या घरात दोषयुक्त आढळलेला तोच रेणू. चेतासंधीच्या कामात त्याचे बाहेरचे टोक एका पाचकद्रव्याने कापले जाते आणि हा सुटा तुकडा कर्करोगाच्या पेशींना वाढण्याचा संदेश देतो. २०१७ साली ह्याच गटाने न्यूरोलिजिन-३ मुळीच नसलेल्या उंदरांच्या मेंदूत मानवी ग्लायोमाच्या पेशी घातल्या. गाठी महिनोन् महिने वाढल्या नाहीत. काही मात्र पुढे पुन्हा वाढू लागल्या. स्तनातून मेंदूत आलेल्या कर्करोगाच्या पेशी त्याच उंदरांत घातल्या, तर त्या नेहमीप्रमाणे वाढल्या. त्यांना ह्या रेणूची गरज नव्हती. न्यूरोलिजिनचा तुकडा कापणाऱ्या पाचकद्रव्याला अडवले असताही उंदरांतील ग्लायोमाची वाढ मंदावली. त्या द्रव्याला अडवणारे एक औषध ग्लायोमा झालेल्या लहान मुलांना देऊन पाहण्याची चाचणी त्यानंतर अमेरिकेत हाती घेण्यात आली.